मी सांगतो तसं कर

३ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारपर्यंत! संचालकांनी आज भर सभेत सांगितलं – "आपल्या संगणक-यंत्राचं कर्नल दहा वर्षं जुनं आहे. शुक्रवारपर्यंत बदला, नाहीतर पुस्तकांची सूची बाहेरच्या कंपनीकडे देतो." कंपनी आली की सूची विभागातल्या तिघी घरी. कर्मचाऱ्यांच्या वतीने नेहमीसारखा मी उभा राहिलो. सार्वजनिक ग्रंथालयाचं ज्ञान भाड्याने घ्यायची वस्तू नव्हे! आमचं यंत्र आम्हीच सांभाळू! टाळ्याच टाळ्या.

बाहेर आल्यावर सूचीवाल्या ताई म्हणाल्या, "बोललात छान. पण करणार कोण?"

"मी!"

ही जीभ एक दिवस मला बुडवणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोन जाडजूड पुस्तकं वाचून काढली. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. नव्या गाभ्याला नवी पॅकेजं, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, लागतात. नवी आली की सूचीचा डेटाबेस अडून बसतो – त्याला जुनंच पॅकेज हवं. जुनं ठेवलं तर नवं कर्नल चढत नाही. कुठूनही शिरा, पडद्यावर तेच – अवलंबित्व पूर्ण होत नाही. आज एकतीस वेळा. सभेत असा अडेलतट्टू भेटता तर पाच मिनिटांत गार केला असता. याला कुठल्या तोंडाने पटवू? याला कानच नाहीत!

ताई हळूच म्हणाल्या, "दादांना विचारा ना."

दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. अठरा वर्षं हे यंत्र त्यानेच सांभाळलं. दोन वर्षांपूर्वी, कालच्या सभेच्याच सभागृहात, मी चाळीस मिनिटं बोललो – एक माणूस सगळं डोक्यात ठेवतो, कुठे एक अक्षर लिहीत नाही, संस्थेला ओलीस धरतो. "यंत्र ही कुणाची खासगी जहागीर नाही!" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो शेवटच्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

तत्त्वासाठी बोललो होतो. विचारणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नाही म्हणजे नाही. चव्वेचाळीस वेळा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

घात केला. माझ्या हाताने.

कर्नलच्या कप्प्यात जागा उरली नव्हती, म्हणून जुनं कर्नल पुसलं. जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही – शंभर व्यासपीठांवरून सांगितलंय मी! मग ते नतद्रष्ट जुनं पॅकेजही काढ म्हटलं. यंत्राने बजावलं – याच्यासोबत दोनशे चौदा पॅकेजं जातील, धोका आहे. तरीही करायचंच असेल तर पूर्ण वाक्य टाइप करा: "होय, मी सांगतो तसं कर!"

उद्गारचिन्हासकट मागत होतं. मी उद्गारचिन्हासकट दिलं. जन्मभर दुसरं केलंय काय?

पडदा काळा. बंद करून पुन्हा लावलं – कर्नलच सापडेना. बासष्ट हजार पुस्तकांची सूची आत, आणि आपण बाहेर. ताईंनी टेबलावरचा मुलीचा फोटो उचलला आणि पर्समध्ये ठेवला. ते बघवेना.

जेवणाच्या सुट्टीत वहिनीला फोन लावला.

"कोण बोलतंय? ...अगंबाई, भाऊजी! आणि गप्प? तब्येत बरी आहे ना?"

"वहिनी... दादा आहे का?"

"समोरच बसलेत. ऐकतायत."

"यंत्र मेलं, वहिनी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग वहिनीच – "चप्पल कुठे आहे विचारतायत."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दुपारभर आणि आज सकाळी सातपासून दादा यंत्रापाशी. एक पेनड्राइव्ह, एक थर्मास. माझ्याकडे बघितलंही नाही.

"काय टाइप केलंस?"

सांगितलं. तेव्हा मात्र हसला. "अख्खं वाक्य? समोरच्यानेच तुझं वाक्य लिहून द्यावं, असं तुझ्या कुठल्या सभेत झालं नसेल."

पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं. सूची शाबूत होती. त्याने डेटाबेस त्याच्या जुन्या पॅकेजसकट एका वेगळ्या बंद कप्प्यात ठेवला. बाहेर नवं कर्नल, नवी पॅकेजं. "भांडणाऱ्यांना वेगळ्या खोल्या द्यायच्या. समजूत कसली काढतोस?"

"हे सुचलं कसं तुला?"

"लिहून ठेवलंय. पहिल्याच फोल्डरमध्ये, 'आधी हे वाचा' नावाची फाइल. आठ ओळी." थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला, "एवढी पुस्तकं वाचलीस. तेवढ्याच राहिल्या."

दोन वाजता संचालकांसमोर सूची उघडली. तिघींच्या नोकऱ्या राहिल्या. ताई रडल्या, सगळे माझा हात हातात घेत होते. दादाला शोधलं, तर तो कधीच निघून गेला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

फाइल उघडली. तिसरी ओळ – जुनं कर्नल पुसू नये. मग तारीख बघितली.

माझ्या त्या भाषणाच्या तीन वर्षं आधीची.

सोमवारी त्याच सभागृहात माझा सत्कार आहे. भाषण लिहून झालं. दोन ओळी.