सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या

रुखमाबाई, सलाम.

मी निशात, बांगडीवाल्या कय्यूमची बायको. गोंडपिपरीच्या बाजारात ते तुमाले बांगड्या भरून राह्यले होते, तवा पोट्ट्यायनं त्यायले ओढलं. "आमच्या बायाचा हात धरते!" म्हणून मारलं. आता केस त्यायच्यावरच हाय, ते जेलात हायत. हात धरल्याबिगर बांगडी कशी भरतात, मले समजून नाई राह्यलं. भरून झाल्यावर तुमी तं दर साली त्यायले नमस्कार करता.

लय भेव वाटते. लेकरू अब्बाले धुंडते. वकीलबाई म्हणते, "फीस नका देऊ, संस्था देते. लोकं वर्गणी करतात तुमच्यासारख्यासाठी." कोण लोकं? ते आमाले वळखत नाई, तं काऊन देतात? अन् तुमी वळखता, तं चूप काऊन?

म्या वकीलबाईले म्हटलं, "रुखमाबाईले चिठ्ठी लिवू?" तं ते भडकली, "साक्षीदारावर दबाव टाकला म्हणतील! तुमच्यावरबी केस लागन!"

म्हणून ही चिठ्ठी पाठवत नाई. तुमच्या मापाच्या सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या त्यायनं एका डब्यात बाजूले काढल्या होत्या, त्याच डब्यात ही चिठ्ठी ठेवून राह्यली. तुमी कोर्टात आल्या, तं मीच भरीन.

हात देसान नं?

तुमची कोण म्हणू, समजत नाई,
निशात