मोठ्या रस्त्याला चाक न लावता

१२ जानेवारी, रविवार

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालंय, पण वळतं. ब्रेक दाबून पाहिला— दाबला जातो!

संध्याकाळी आकांक्षाचा पुण्याहून फोन. "आई, सायकल तरी सोड, नाहीतर अमरावती तरी." एकोणसाठाव्या वर्षी लेकीने द्यायचे हे पर्याय! परतवाडा रोडवर मोटारीचा आरसा दंडाला लागला, मी पडले, त्याला दोन महिने झाले. तिच्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. माझ्याही. मी म्हटलं, दोष सायकलचा नाही, रस्त्याचा आहे. ती म्हणाली, "मग मोठ्या रस्त्याला चाक न लावता अचलपूरला जाऊन दाखव. पंधरा फेब्रुवारीला मी येतेय. तोवर जमलं तर राहा एकटी, मी बोलणार नाही. नाही जमलं तर माझ्याबरोबर चल. राजापेठचं घर विकू."

बरं, म्हटलं. बोलून गेले.

१३ जानेवारी

तिने लेखी मागितलं. मोठा रस्ता ओलांडला तर चालेल, त्यावरून जायचं नाही. शहरातल्या गल्ल्या मोठ्या रस्त्यात मोजायच्या नाहीत. तिच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका. दुरुस्त करून सही केली.

१९ जानेवारी, रविवार

पांदणी!

बैलगाडी जावी म्हणून दोन शेतांच्या मधून सोडलेल्या वाटा. फोनमधल्या नकाशात नाहीत. तलाठ्याकडच्या गावनकाशात आहेत— दुहेरी तुटक रेघ. पाच गावांचे नकाशे काढून शेजारी शेजारी चिकटवले. रेघ रेघेला मिळते.

आज पूर्णा नदीच्या रपट्यापर्यंत, म्हणजे बुटक्या पुलापर्यंत, जाऊन आले. जाताना अठ्ठावीस किलोमीटर, येताना तेवढेच. वाटेत एक मोटरसायकल, एक शेळ्यांचा कळप. तूर कापलेली, हरभरा घाट्यांवर. चेनचा आवाज ऐकू येत होता. इतकी वर्षं सायकल चालवते, ही चेन आवाज करते हे माहीत नव्हतं.

२० जानेवारी

मांड्या. जिना उतरवत नाही. मजेत आहे.

२६ जानेवारी

पूर्णेपलीकडे संत्र्याच्या बागा लागतात. डिसेंबरभर झाडांना पाणी तोडलं होतं— ताण. आता पाणी दिलंय. तहानलेली झाडं एकदम कळ्या काढतात. काही उमलल्याही आहेत. मैलभर वास. त्या वासात उतार लागला आणि मी पायडल मारणं थांबवलं.

मग काटे.

पांदणीच्या या तोंडाला बोरीच्या फांद्या रचलेल्या. पलीकडच्या तोंडालाही. मध्ये चारशे पावलांची वाट, जेमतेम चार हात रुंद. त्यापुढे अचलपूरपर्यंत मोकळं, नकाशा सांगतो. डावीकडची बाग पुंजाजींची, सत्तरीचे आहेत. उजवीकडची त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवेची, चतुराबाईंची. पांदण एके काळी चौदा हात होती. दोघांनी दर वर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आपल्याकडे नांगरून घेतला. आणखी घेण्यासारखं उरलं नाही तेव्हा दोघांनी एकेक तोंड बंद केलं. त्याला अकरा वर्षं झाली.

चतुराबाई भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाहीत. रीतच आहे, भांडण असो नसो. त्यामुळे भांडण माझ्यातर्फे झालं.

"सांगा त्यायले, पांदण कोनं खाल्ली ते सांगा."

पुंजाजी समोरच उभे. "मॅडम, तिले म्हना, मी एक तास घेतला तं तिनं दोन घेतले."

"म्हना, दोन घेतले असते तं माया बागेत शंभर झाडं जास्त असती!"

मी म्हटलं, दोघांनीही काढा ना काटे. पुंजाजी हसले. "पयले काढन तो चोर ठरन. हे तं लहान पोराले समजते."

चाळीस किलोमीटर परत. वास तोच, पण लक्ष नव्हतं.

२८ जानेवारी

पुंजाजींना फोन केला. तहसीलला अर्ज करू का?

"करा ना. तुमची नात सायकल चालवीन तिथून."

१ फेब्रुवारी

दुसरी वाट शोधली. पूर्वेकडून नाला, पश्चिमेकडून डांबरी. मोठी डांबरी! नकाशा चार वेळा फिरवून पाहिला. चारशे पावलं, आणि घर.

आकांक्षाने पुण्यातल्या माझ्या खोलीचा फोटो पाठवला. पडदे निळे. चांगले आहेत. हेच वाईट आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

बसने गेले. दोघांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं, पाठीला पाठ. म्हटलं, तुम्ही कोणीच काढू नका. येत्या रविवारी मी येईन. मी काढीन, मी जाईन, आणि मीच परत लावीन.

चतुराबाईंनी हातातलं ढेकूळ फोडून पाहिलं.

"म्हंजे कोनीच नाई काढले?" चतुराबाई.

"तुमच्यापैकी कोणीच नाही."

"मंग चालते. विचारा त्यायले, चालते का."

पुंजाजी आभाळाकडे बघत म्हणाले, "तिले म्हना, चालते."

बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

९ फेब्रुवारी, रविवार

आजच लिहायचं.

साडेपाचला निघाले. साडेआठला पूर्णा. दहाला बागा— पूर्ण फुललेल्या. पांढरं. त्याच झाडांवर मागच्या बहाराची पिवळी फळंही. पुंजाजी धुऱ्यावर धुतलेलं धोतर नेसून उभे. मी बोरीचे काटे बाजूला केले, आत गेले, आणि दहाव्या पावलाला सायकल थांबली.

पांदण ओली होती. सगळी. चारशे पावलं!

"मॅडम येऊन राहिल्या," पुंजाजी खुशीत सांगत होते, "फुफाटा नको म्हनून सकाळपासून पाइप लावला. सडा मारला तुमच्यासाठी!"

काळी माती. तिला पाणी लागलं की ती माती राहत नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसली, चाक फिरेना. ढकलली तर घसरली. उचलायला गेले तर मनगटातून कळ. डावा बूट आत राहिला.

"मंग डांबरीनं जा ना," पुंजाजी म्हणाले. "तीन किलोमीटरचा तं फेरा हाय."

तेव्हा त्यांना सांगितलं. कागद, सही, पंधरा तारीख, घर. आधी कधी सांगितलंच नव्हतं. एका पायात बूट, चिखलात उभी राहून सांगितलं.

चतुराबाई त्यांच्या बागेतून ऐकत होत्या. त्यांनी पदर खोचला.

"उभे काय राहिले! पानी बंद करा पयले! अन् धरा मांगून!"

थेट. त्यांच्या तोंडाकडे बघून. पुंजाजी क्षणभर कोणाला बोलली ते समजून घेत होते. मग पळाले. या वयात पळाले!

"माया वावरातून घ्या. इकून. धुऱ्यावर पाय पडला तं पडू द्या."

पुढून चतुराबाई, मागून पुंजाजी. सायकल खांद्याच्या उंचीवर, फुलांतून. मी मागे, बूट हातात. "हळू, फांदी लागन!" "मले दिसते ना बापा!" "दिसते तं सडा काहून मारला?" पलीकडच्या तोंडाला पोहोचलो तेव्हा काटे कोणी बाजूला केले ते मी पाहिलं नाही. खरंच पाहिलं नाही, मी बूट घालत होते.

त्याच पाइपने चाकं धुतली. चतुराबाईंनी पिशवीत संत्री भरली. मागचे काटे परत लावायचे राहिले, म्हटलं. दोघंही एकदम म्हणाले, "राहू द्या."

दोन वाजून वीस मिनिटांनी अचलपूर. त्रेसष्ट किलोमीटर. वेशीच्या दगडी कमानीखाली सायकल टेकवली आणि ओरडले. नुसतंच. शब्द नव्हता. दोन माणसांनी वळून पाहिलं. पुन्हा ओरडले!

१० फेब्रुवारी

आकांक्षाचं म्हणणं, उचलून नेलेलं धरायचं नाही. मी करार वाचून दाखवला. "मोठ्या रस्त्याला चाक लावायचे नाही." लागलं? नाही. चारशे पावलं तर कशालाच लागलं नाही.

ती हसली. मग म्हणाली, "दहा ते अकरा तू एकाच ठिकाणी होतीस. फोनवर तुझा ठिपका हलेना. गाडीची किल्ली हातात घेऊन बसले होते मी."

हे करारात नव्हतं.

१२ फेब्रुवारी

पुंजाजींचा फोन. पांदणीतून काल एक लहान ट्रॅक्टर गेला, दोन बैलगाड्या गेल्या. आणि तक्रार: "मॅडम, ती आता मले डायरेक बोलते. अकरा वर्षांचं सारं काढून राहिली. सकाळपासून!"

मागून चतुराबाई: "फोन ठेवा अन् मोटर बंद करा!"

१५ फेब्रुवारी

आकांक्षा आली. चहा उकळायच्या आत तिला म्हटलं, राजापेठचं घर विकायला काढ.

"पण आई, तू तर जिंकलीस!"

म्हणूनच, म्हटलं. आता कुठे राहायचं ते मी ठरवणार. बागांजवळ चतुराबाईंच्या गावात दोन खोल्या काल पाहून आले आहे, दाराबाहेर थेट पांदण. परवा जाते.