अप्पांच्या घड्याळाची तबकडी

रविवार, ९ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. अप्पांचा खोकला गेला, यांचा गुडघा अजून कुरकुरतो, स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. मी तरी तुझे किती उचलले म्हणा.

बरं, घड्याळाचं सांगायचंय. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

तू म्हणायचास विकून टाकू, मी म्हणायचे अप्पा आहेत तोवर हात लावायचा नाही. शेवटी अप्पाच म्हणाले, "बोलवा कुणाला तरी, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." म्हणून गेल्या आठवड्यात लिलाववाल्यांचा जाणकार घरी आला. त्याने घड्याळाचं मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि खुललाच. यंत्र अस्सल, अशी घड्याळं फार थोडी बनली, म्हणाला. बटण दाबलं तशी लांब सुई धावली, पुन्हा दाबलं तशी जागच्या जागी थांबली. मग त्याने तबकडी नीट पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"ही नंतर रंगवलीय. आकडे हाताने काढलेत. संग्राहक आता याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत."

मी लगेच अप्पांकडे वळले. अप्पा मात्र शांत.

"हिच्या आईने रंगवून घेतली," ते म्हणाले. "डाग पडून आकडे मला दिसेनासे झाले होते. माझ्या वाढदिवसाला तिने गुपचूप नेऊन हे करून आणलं. काय खूश होती त्या दिवशी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत, अप्पा?"

"तुमची भांडणं चाललेली. म्हटलं, कळलं तर तिच्या नावाने बोटं मोडाल. आणि उत्तर द्यायला ती नाही."

जाणकार गेला. मग हे हसायला लागले, मग अप्पा, आणि मला हसता हसता रडू आलं. खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरलं. घड्याळ ठेवलेल्या कपाटाची किल्ली सांभाळण्यापायी मी कुठे मुक्कामाला म्हणून गेले नव्हते. आता घड्याळ अप्पांच्या मनगटावर असतं. माझा चहा किती वेळ उकळतो ते बटण दाबून मोजतात आणि वर मला ऐकवतात.

तुला वाटलं असेल, ताईला घड्याळ हवंय. तसं नव्हतं रे. ते विकलं गेलं, वाटणी झाली, की तुला इकडे यायला कारणच उरणार नाही, असं वाटायचं मला. घरात घड्याळ असलं, तर भांडायला का होईना, येशील.

आता भांडायलाही काही उरलं नाही. तसाच ये. अप्पा रोज विचारतात, मी विचारत नाही एवढंच.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी ताई