डाव्या हाताचे सूर

पनवेल,
ता. २३ ऑक्टोबर १९८८

चि. सारास,
शालोम आणि अनेक उत्तम आशीर्वाद.

निवृत्त झाल्यावर दादा दिवसभर करतो काय, असं तू खोचकपणे विचारलं आहेस. तर ऐक. दादा पुन्हा शिकवायला लागला आहे, फक्त या वेळी भूगोल नाही. पप्पांची कॉन्सर्टिना, ती दोन हातांत धरून दाबायची बटणांची पेटी, माळ्यावरून काढली, भात्याला दोन ठिगळं लावली आणि दर रविवारी सकाळी व्हरांड्यात बैठक सुरू केली. विमा कंपनीत नोकरी करणारी आमच्या गल्लीतली अरुंधती येते आणि पंचायत समितीतला बळीराम येतो. तो मूळचा चिरनेरचा. दोघांनीही चोर बाजारात घासाघीस करून जुन्या कॉन्सर्टिना मिळवल्या. नोटेशन कोणालाच येत नाही. एकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकून, बोटं बघून तस्संच उचलायचं, एवढाच आमचा नियम.

बळीराम आगरी लग्नातले धवले आणतो, अरुंधती भोंडल्याची गाणी आणते. करंज्याला जाऊन मासळी वाळत घालणाऱ्या बायकांकडून होडीचं एक गाणंही उचललं. त्या आम्हाला बघून पोट धरून हसल्या, पण गाणं पुरतं म्हणून दाखवलं. मी दोघांना आईचं हळदीचं गाणं शिकवतोय. बळीराम म्हणतो की सर, ह्या डबीत आमचे आजीचा आवाज हाय. तुझी रिवकावहिनी गेल्यापासून या घरात घड्याळाशिवाय कसला आवाज नव्हता, सारा. आता आठवडाभर मी रविवारची वाट बघतो.

सोबत कॅसेट पाठवतोय. डावीकडचे खालचे सूर जरा रुसलेत, दमट हवेने असेल. परवा चहाचं पातेलं उतरवताना डाव्या करंगळीला हा मोठा फोड आला, पण मला कळलंच नाही. म्हातारपणी कातडी निबर होते ती अशी.

नोमला आशीर्वाद. लोभ आहेच, टपालाचा खर्च बघून तो आखडता घेऊ नकोस.
तुझा दादा,
इनॉक


बेरशेबा, इस्राएल,
ता. २० नोव्हेंबर १९८८

ती. इनॉकदादास,
शालोम. कृ. सा. न. वि. वि.

कॅसेट ऐकली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. नोम म्हणाला की हे तर अकॉर्डियनचं पिल्लू दिसतंय. त्याला म्हटलं, तुझे आजोबा या पिल्लावर अख्खी वरात नाचवायचे.

आता जे लिहिते आहे त्याने रागावू नकोस. आईच्या गाण्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी तुझे खर्जातले सूर गळतात. आधी मलाही पेटीच बिघडली असं वाटलं. पण ते सूर डाव्या करंगळीचे आणि तिच्या शेजारच्या बोटाचे, आणि भाजलं तेही त्याच करंगळीला. भाजून कळलं नाही हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मी वीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे, मला त्यात गंमत दिसली नाही. बाहीखाली, कोपराजवळ कुठे फिकट चट्टा आहे का? डोळे मिटून अरुंधतीला कापसाची वात करंगळीवरून फिरवायला सांग. कळलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

नाव लिहूनच टाकते, कारण न लिहिता राहवत नाही. मला महारोगाची भीती वाटते. दादा, आता त्यावर औषध आहे, पक्कं बरं करणारं. पण नस एकदा मेली की बोट परत येत नाही. उशीर करू नकोस.

उत्तर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, एवढं लक्षात ठेवून माया राहू दे.
तुझी,
सारा


पनवेल,
ता. १८ डिसेंबर १९८८

चि. सारास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग हसू आलं. इस्राएलला गेलीस ती नर्स म्हणून, आता टेप ऐकून निदान करणारी मोठी डॉक्टरीण झालीस! पेटी भायखळ्याच्या कारागिराला दाखवून आणली. त्याने उघडून पुसली आणि रीड उत्तम आहेत म्हणाला. म्हणजे दोष माझ्या म्हाताऱ्या बोटांचा, बाकी काही नाही. कापसाची वात वगैरे प्रकार मी करणार नाही.

आणि तो शब्द पुन्हा पत्रात लिहू नकोस. आमचा पोस्टमन पत्रं वाचत नाही, पण शेजारी असतात. व्हरांड्यात आम्ही एकमेकांच्या पेट्या मांडीवर घेतो, एकाच ताटलीतली भजी खातो. उद्या गल्लीत कोणी नुसता संशय घेतला, तर रविवारी माझ्याकडे कोण येईल? मला परत त्या घड्याळासमोर बसायचं नाही.

शिवाय आईचं गाणं तसंच आहे. ओळ संपताना आई श्वास घ्यायची. तुला देश सोडून इतकी वर्षं झाली, तू विसरलीस. माझ्यावर विश्वास नसेल तर अरुंधतीकडून ऐक. तिची बोटं तर तरुण आहेत ना? तिला कॅसेट पाठवायला सांगतो.

रागावलो असलो तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.
इनॉक


पनवेल,
ता. ८ जानेवारी १९८९

सौ. साराताई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण सर तुमच्याबद्दल इतकं बोलतात की मला तुम्ही परक्या वाटत नाही. हळदीचं गाणं मी वाजवून पाठवावं असं त्यांनी सांगितलं. का ते विचारलं, तर म्हणाले, बहीणभावाची पैज लागली आहे.

मी हे गाणं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे सरांकडून जसं आलं तसं घेतलं. ओळीच्या शेवटी जी रिकामी जागा येते ना, ती साधायला मला महिना लागला. बोट आपोआप खालच्या बटणाकडे जायचं आणि सर ओरडायचे की तिथे काही नाही, तिथे श्वास आहे. आता मला तीच जागा सगळ्यात आवडते. बळीरामभाऊही अगदी तसंच वाजवतात.

सर मजेत आहेत. हल्ली भर दुपारच्या उन्हातही पूर्ण बाहीचा शर्ट घालतात म्हणून मी चिडवते, तर म्हणतात, मास्तर दिसायला नको का. तुमची पैज कोण जिंकलं ते मात्र मला कळवा.

न पाहिलेल्या ओळखीवरही लोभ जडू द्यावा.
आपली,
अरुंधती


बेरशेबा,
ता. ५ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
शालोम. कृ. सा. न. वि. वि.

हरले! अरुंधतीची कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. इतकी स्वच्छ बोटं, आणि ओळीच्या शेवटी तीच जागा. म्हणजे आईचं गाणंच तसं आहे आणि मीच विसरले. नसतं काहीतरी लिहून तुझा जीव टांगणीला लावला, त्याबद्दल माफ कर. दवाखान्यात राहून मला सगळीकडे आजारच दिसायला लागलेत.

पैज तू जिंकलास हे अरुंधतीला सांग. आज पोटभर जेवले.

तुझा राग ओसरला असेल तर आधीइतकीच माया कर, वर चिमूटभर जास्त.
सारा


पनवेल,
ता. १६ एप्रिल १९८९

चि. सारास,
शालोम व अ. उ. आ.

माफी वगैरे कसली मागतेस! गेल्या आठवड्यात चिरनेरला बळीरामच्या पुतणीची हळद होती. आम्ही तिघांनी मांडवात बसून वाजवलं. आईचं गाणं सुरू केलं, तर दुसऱ्या ओळीला बायकांनीच टाळ्यांचा ठेका धरला. आपल्या बेने इस्राएल ज्यूंचं गाणं आगऱ्यांच्या मांडवात, आई असती तर म्हणाली असती की दोन लाडू जास्त मागून घे. मी सध्या उजवीकडचेच सूर जास्त धरतो, खालची बाजू अरुंधती सांभाळते. असं छान जमतं.

परतताना फजिती झाली. एस.टी. स्टँडवरून घरी पोचलो आणि बघतो तो डाव्या पायात चप्पल नाही! कुठे गळली पत्ता नाही, तसाच चालत आलो होतो. तळव्यात काच घुसली होती ती अरुंधतीने काढली. ती बिचारी घाबरली, मी आपला हसत होतो.

लोभाला चपलेसारखं वाटेत सोडू नकोस.
तुझा,
इनॉकदादा


बेरशेबा,
ता. १४ मे १९८९

सौ. अरुंधतीस,
शालोम आणि आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. तार करणार होते, पण तारेत तो शब्द घातला असता तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला असता आणि दादाने दार लावून घेतलं असतं.

काल इथे आपल्या रेवदंड्याकडच्या एका कुटुंबात हळद होती. म्हाताऱ्या बायकांनी आईचं गाणं म्हटलं. अरुंधती, ओळीच्या शेवटी श्वास नाही. तिथे सूर आहेत, खर्जातले, लांब ओढलेले. एकजण नाही, जमलेल्या सगळ्या बायका ते म्हणत होत्या. त्यांच्याबरोबर माझ्याही गळ्यातून ते निघाले. मी विसरले नव्हते. पोरी, तू गाणं शिकली नाहीस, माझ्या भावाचा आजार शिकलीस. आणि तुझी कॅसेट ऐकून मी निर्धास्त झाले.

घरी आले तर त्याचं पत्र येऊन पडलेलं. चप्पल गळली ते कळलं नाही, काच घुसली ते कळलं नाही. मला कुष्ठरोगाची शंका आहे. तू घाबरू नकोस, औषध सुरू झालं की रोग दुसऱ्याला लागत नाही. त्याची बाही वर कर आणि कोपर बघ. तो ऐकणार नाही. भांडण कर, रड, काहीही कर, पण त्याला सरकारी दवाखान्यात ने. आजच.

तुझ्यावर माझा हक्क नाही, तरी सगळा भार तुझ्यावर टाकते आहे.
तुझी ताई,
सारा


पनवेल,
ता. ४ जून १९८९

ती. साराताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तशी ऑफिसला न जाता सरांकडे गेले. त्यांनी बाही वर करू दिली नाही. मी खरंच भांडले आणि खरंच रडले. शेवटी तेच खुर्चीवर बसले आणि स्वतः बटण सोडलं. कोपरापासून खाली तळहाताएवढा फिकट चट्टा होता. मी बोट लावलं, त्यांना कळलं नाही. मग ते म्हणाले की तुझी कॅसेट मी उगाच मागवली नव्हती, साराचा संशय घालवायलाच मागवली होती.

ताई, मला त्यांचा फार राग आला. मी त्या रिकाम्या जागेचं कौतुक करत बसले होते! महिनाभर घासून बसवली होती ती.

डॉक्टरांनी तुम्ही लिहिलं तेच सांगितलं. आजार बरा होईल, पण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागलं आहे, नस गेली आहे. थंडीत आला असता तर हात वाचला असता म्हणाले. आम्हा सगळ्यांना तपासलं, कोणाला काही नाही. बळीरामभाऊंना मी सांगितलं तेव्हा ते लगेच निघून गेले. रविवारी येतील की नाही, मला माहीत नाही. सरांना तर खात्रीच आहे की आता कोणी येणार नाही.

तुम्ही रागावणं रास्त आहे, पण मला तोडू नका.
तुमची,
अरुंधती


पनवेल,
ता. २० ऑगस्ट १९८९

चि. सारास,
शालोम. अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली, एकाचंही उत्तर दिलं नाही. धीर होत नव्हता. गोळ्या चालू आहेत. त्यांनी लघवी लाल होते हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी वाटलं आता संपलंच. पायाला मऊ चपला दिल्या आहेत, रोज संध्याकाळी तळवे आरशात बघायला सांगितलंय. बघतो.

तू ज्याची सगळ्यात जास्त चौकशी केलीस ते लिहितो. तो पहिला रविवार आला तेव्हा मी व्हरांड्यात खुर्च्याच मांडल्या नव्हत्या. दार लोटून आत बसलो होतो. बळीराम आला, त्याने स्वतः खुर्च्या काढल्या, माझी पेटी मांडीवर घेतली आणि विचारलं की सर, आज शिकवनार नाय का. भज्यांचा पुडा त्याने मधोमध ठेवला. अरुंधती मागून आली. शेजारचे वसंतराव, ज्यांच्या भीतीने मी उन्हाळाभर बाह्या खाली ठेवल्या, ते आता दर महिन्याला मला दवाखान्यात सोडतात. सारा, कोणीही गेलं नाही. ज्यांना गमावू नये म्हणून मी लपवलं, ते सगळे इथेच आहेत. फक्त माझी दोन बोटं गेली, आणि ती मी फुकट घालवली. हे मला रोज सकाळी शर्टाचं बटण लावताना कळतं.

तू पाठवलेल्या बायकांच्या कॅसेटवरून अरुंधती ते खर्जातले सूर नव्याने बसवते आहे. तिचं बोट अजून तिथे अडतं. मी उजव्या हाताने वरची बाजू धरतो.

आता जे लिहायला आज बसलो ते. परवापासून उजव्या करंगळीला मुंग्या येतायत आणि कोपर दुखतंय. नेमून दिलेली तारीख पुढच्या महिन्यात आहे. माझ्याने थांबवत नाही. बळीरामला निरोप पाठवला, तो स्कूटर घेऊन खाली उभा आहे. वाटेत टपालपेटीत हे पत्र टाकून तसेच आम्ही दवाखान्यात जातोय. या वेळी कळल्याबरोबर सांगितलं, एवढं माझ्या खात्यावर जमा धर आणि प्रार्थना कर.
तुझा,
इनॉकदादा