मिठाच्या जागेभोवतीचे कुंपण उचलून दक्षिणेच्या तळ्याभोवती घालणेबाबत

प्रति,
मा. खारपट्टी संरक्षण अधिकारी,
प्रांत कचेरी, सान बेनितो दे ला साल.

विषय : सूक्ष्म जीव चुकीच्या जागी सापडल्यामुळे कुंपणाची जागा बदलणे व तळ्यावरचा पंप थांबवणेबाबत.

संदर्भ : १) कुंपणावरची आपली पाटी, ‘आत जिवंत सूक्ष्म जीव आहेत. प्रवेश बंद.’
२) डॉ. रेनाता उलोआ यांचा अहवाल. शाळेतल्या बाईंनी मला तो दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा हसू आवरलं नाही म्हणून तिसऱ्यांदा वाचला नाही.
३) माझे आधीचे दोन अर्ज. ते आपल्या टेबलाखाली असतील, टेबलाचा पाय डुगडुगत असल्यास तिथे पाहावे.

महोदय,

मी, निकोलासा आयाविरे सायरे, वय एकाहत्तर, राहणार पुरिकारी, शिक्षण दुसरीपर्यंत. शिक्षणाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे ते शोधण्यात कचेरीचा वेळ जायला नको. खालील गोष्ट सांगायला दुसरी पुरते.

१. सदर कुंपण जिथे घातलं आहे तिथून आमची सात घरं मीठ कापत आली आहेत. माझी आजी कापत होती, तिची आजी कापत होती. आता आम्ही तारेच्या बाहेर उभं राहून आपल्याच मिठाकडे बघायचं आणि दुकानातून पुडी आणायची. आपण ही पुडी कधी चाखली आहे का? त्यापेक्षा भिंत चाटलेली बरी.

२. ऑगस्टात डॉक्टर उलोआ आणि त्यांची तीन माणसं आली. खारात जीव राहतो का ते बघायचं, कारण इथे राहत असेल तर आकाशातल्या त्या तांबड्या ताऱ्यावरही राहत असेल, असं त्यांचं म्हणणं. बरं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे, हातमोजे, तोंडाला फडकं. मी बघायला गेले तर त्यांच्यातले चष्मेवाले साहेब ओरडले, “आजी, लांब व्हा! तुमच्या श्वासानंसुद्धा नमुना बिघडतो!” मी लांब झाले. माझ्या श्वासाला एवढे भ्यालेले लोक. पण मी पहाटे तिथे काय करून गेले, हे एकानेही विचारलं नाही.

३. ते आता लिहून देते. जमीन उकरायची तर आधी पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, पाजायचं, ही आमच्याकडची रीत आहे. आई आहे ती, तिच्या अंगाला हत्यार लावण्याआधी तिची तहान विचारावी. ही माणसं विचारणार नाहीत हे त्यांच्या बुटांवरूनच कळलं होतं. त्यांनी आदल्या दिवशी तीन भोकं पाडून, त्यांत झेंडे रोवून ठेवले होते. म्हणून मी पहाटे उठून प्रत्येक झेंड्यापाशी कोकाची पानं ठेवली आणि एकेक मडकं चिचा, म्हणजे आमची घरची दारू, भोकात ओतली. अल्गारोबोच्या झाडाच्या गोड शेंगांची, माझ्या हातची, चांगली आंबलेली. नऊ वाजता साहेबलोक जागे झाले आणि त्याच भोकांतून हातभर खोलीची माती नळ्यांत भरून घेऊन गेले.

४. मग अहवाल आला. हातभर खोल मिठात ‘गोड द्रव्यावर जगणारे, या भागात पूर्वी कधीही न आढळलेले, बहुधा अतिप्राचीन’ जीव सापडले! आपण खुद्द येऊन पाटीला फीत बांधली, कापली, टाळ्या घेतल्या. महोदय, ते जीव माझ्या मडक्यातले आहेत. आंबवण सासूबाईंचं आहे. त्यांना अतिप्राचीन म्हटलंत ते मात्र बरोबर, त्या तरुणपणीही तशाच होत्या.

५. हे इथवर हसण्यासारखं आहे. इथून पुढे नाही. त्याच अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे : ‘दक्षिणेकडील तळ्यात उल्लेखनीय जीवसृष्टी आढळली नाही.’ या एका ओळीवर आपण खाणीच्या कंपनीला तळं उपसायची परवानगी दिली. दहा नोव्हेंबरला पंप सुरू होणार. आमच्या कळपातले एकशे चाळीस लामा त्याच तळ्यावर पाणी पितात. दुसरं पाणी दीड दिवसाच्या वाटेवर आहे, आणि गाभण मादी दीड दिवस चालत नाही.

६. तळ्यात काही आढळलं नाही, कारण तळ्यापर्यंत कोणी गेलंच नाही. गाडी जाते तिथवर विज्ञान जातं, पुढचा तासभर चालावं लागतं. डॉक्टरबाईंनी गाडीतूनच दुर्बीण लावली. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, गाडीतून जीवजंतू मोजणारे आपल्याच काळात पाहिले. काठावरची मिठाची खपली नखाने उचलली असती तरी पुरलं असतं. खाली गुलाबी थर, त्याखाली हिरवा, बोटाला बुळबुळीत. आमची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील की तो जिवंत आहे, तुडवू नये.

७. हा अर्ज करू नये असं मला आमच्या गावप्रमुखाने बजावलं होतं. माझाच भाचा, फाउस्तिनो. म्हणाला, “मावशी, गप्प बसा. तुमच्या चिचेमुळे का होईना, एक कुंपण तर उभं राहिलंय, तेवढी जागा तरी खाणीपासून वाचली. खरं बोललात तर तेही जाईल, वर गावाचं हसं होईल. तळं काय, तसंही गेल्यातच जमा.” मी म्हटलं, “तुझी आई माझी बहीण होती, म्हणून एवढं ऐकून घेतलं. आता चालता हो.” त्याचं म्हणणं खोटं नाही. आपली कचेरी कुंपण काढून नेईल आणि तळ्याला हातही लावणार नाही, हे तिच्या स्वभावात बसतं. तरी लिहिते आहे. माझ्या मडक्यातलं आंबवण सरकारी पहाऱ्यात आणि खरा जीव पंपाच्या तोंडी, हे मला पाहवत नाही.

८. सबब, दहा तारखेच्या आत तळ्याची माती तपासावी, तोवर पंप थांबवावा. येणाऱ्याने बूट घालून चालत यावं. कुंपणाचे पंचवीस खांब आहेत, त्यांपैकी सहा मी माझ्या दोन मुली आणि चार लामा लावून तळ्याकाठी नेले आहेत. बाकीचे रोज दोन प्रमाणे नेणार. हा गुन्हा असल्यास पकडायला माणसं पाठवावीत, खांब जड आहेत, हातभार लागेल. उत्तर घरच्या पत्त्यावर धाडू नये. मी कालपासून तळ्यावर राहते आहे.

नम्रपणाची सवय नाही, तरी कागदापुरती आपली नम्र,

निकोलासा आयाविरे सायरे
(सही स्वतःची, अंगठा नव्हे)
दक्षिणेचं तळं, पुरिकारी. दि. २७ ऑक्टोबर

सोबत :
१) चिचेची एक बाटली. अहवालातल्या अतिप्राचीन जीवांशी ताडून पाहण्यासाठी. साहेबांनी पिऊ नये.
२) तळ्याकाठच्या मिठाची एक खपली, आडवी कापलेली, ओल्या फडक्यात. फडकं सुकू देऊ नये, दिवसातून दोनदा पाणी शिंपडावं, आणि कुठल्याही फाईलखाली ठेवू नये. ती जिवंत आहे.