चष्म्याच्या दुकानातली स्पॅनिश

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज). तुझी कंबर, तुझा रक्तदाब आणि तुझी वरच्या मजल्यावरची शेजारीण हे तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा करते. माझं बरं चाललंय. दातांचे डॉक्टर म्हणाले, उरलेले दात उत्तम आहेत, त्यामुळे गेलेल्यांबद्दल मी फार वाईट वाटून घेत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण हल्ली तू फोनवर नुसतं 'बरं, बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण निदान उघडावं तरी लागतं.

तर माझ्या विहीणबाई आल्या आहेत. म्हणजे सूनबाईची आई, नातीचं तोंड बघायला. त्यांना स्पॅनिशशिवाय दुसरं काही येत नाही. मुलाच्या घरात खोल्या दोनच, आणि त्या दोन्ही तुझ्या त्या वीतभर नातीने व्यापलेल्या, म्हणून पाहुण्यांची सोय माझ्याकडे. मुलगा म्हणाला, "आई, तू लहानपणी स्पॅनिश शिकली होतीस ना? मग काळजीच नाही." आता, 'शिकले होते' असं मी त्याला कधीतरी ऐटीत सांगितलं असणार. मी मान डोलावली. म्हातारपणी मान आपोआपच डोलते, ती थांबवणं कठीण.

तुला आठवतं ना आपलं ते शिक्षण? बाबांच्या चष्म्याच्या दुकानामागची ती अरुंद खोली, भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या फ्रेमा (वारा आला की सगळ्या मिळून एकदम मान हलवायच्या), आणि कोणीतरी चष्म्याच्या बदल्यात देऊन गेलेला तो ग्रामोफोन. त्याच्याबरोबर एकच तबकडी आली, स्पॅनिश शिकवणारी. नमस्कार-चमत्कार, ओळखीपाळखी, कौतुकाचे चार शब्द. एक बाई एक वाक्य बोलायची, एक पुरुष उत्तर द्यायचा, मग आपल्यासाठी जागा मोकळी. अर्थ ज्या पुस्तकात होते ते पुस्तक मात्र नव्हतं. तू म्हणालीस, "अर्थ काय, आपण देऊ." आणि दिलेस. 'कोमो एस्ता' म्हणजे 'चल, पळू या'. 'एन्कान्तादा' म्हणजे 'याच्या तोंडाला वास येतो'. 'के ग्वापा' म्हणजे 'काय भांडकुदळ बाई आहे'. आणि सगळ्यांत उपयोगाचं 'मुचो गुस्तो', म्हणजे 'हा माणूस उठत का नाही?' त्यावर तबकडीतला पुरुष 'इग्वालमेन्ते' म्हणायचा, त्यामुळे त्याचा अर्थ 'मलाही अगदी तेच वाटतं' असा आपण लावला.

दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर उभं राहून आपण त्यांची किती उणीदुणी काढली असतील. ते विमावाले काका दर रविवारी येऊन बसायचे, आणि आपण दोघी हसतमुखाने 'मुचो गुस्तो' म्हणायचो. ते खूश होऊन आणखी ऐसपैस बसायचे आणि बाबांना म्हणायचे, "तुमच्या मुली फार गोड हो, यांच्यामुळे पाय निघत नाही." आपण आत जाऊन तोंडात पदर... म्हणजे तू पदर, मी फ्रॉक कोंबून हसायचो.

आता दाराशी ये. विहीणबाई टॅक्सीतून उतरल्या. मी केसांना कलप लावून बसले होते, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, अंगात घरातला गाऊन (गाडी लवकर आली, यात माझा दोष नाही). त्यांनी मला पायापासून पिशवीपर्यंत न्याहाळलं आणि हात पसरून म्हणाल्या, "के ग्वापा."

ताई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच उंबरठ्यावर उभं राहून मला भांडकुदळ म्हणायचं? मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. दात (उरलेले) आवळून म्हटलं, "मुचो गुस्तो." तर बाईंनी बॅग खाली टाकून मला कवेत घेतलं, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, स्वतःच्या गालाला कलप लावून घेतला आणि म्हणाल्या, "इग्वालमेन्ते." म्हणजे मी माझ्याच घरातून उठून जावं असं त्यांना वाटत होतं.

पुढचे काही दिवस आमचं शीतयुद्ध चाललं. म्हणजे मी युद्ध करत होते, त्या भांडी घासत होत्या. मी त्यांना टणक उशी दिली, त्या तिच्यावर गाढ झोपल्या. मी मोठ्यांदा रेडिओ लावला, त्या नाचल्या. मी साडी बदलून आले की के ग्वापा, चष्मा लावला की के ग्वापा. शेवटी एका दुपारी सूनबाई बाळाला घेऊन आली. तिला मराठी आमच्या चिरंजीवांनी शिकवलंय, त्यामुळे ती अर्धवट झोपेत असल्यासारखं बोलते, पण अर्थ पक्का असतो. म्हणाली, "आई, ममा विचारते, ती तुम्हाला सुंदर म्हणते तेव्हा तुम्ही कपाळाला आठ्या का पाडता?"

"कधी म्हणाल्या सुंदर?"

"रोज. ग्वापा म्हणजे सुंदर."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मला या वयात, डोक्यावर पिशवी असताना, सुंदर म्हणणारं माणूस टॅक्सीतून उतरलं होतं आणि मी त्याला टणक उशी दिली होती. (आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच म्हटलं होतं, तेही चष्मा पुसायला काढलेला असताना.) मग मी आपला अख्खा शब्दकोश तिच्यापुढे ओतला. एकेका शब्दाला मायलेकी पोट धरून हसत होत्या, बाळसुद्धा दचकून बघत होतं. 'एन्कान्तादा' म्हणजे तुम्हाला भेटून धन्य झाले. 'कोमो एस्ता' म्हणजे कसे आहात. फक्त 'इग्वालमेन्ते' आपण बरोबर ओळखलं होतं. आणि मग मी 'मुचो गुस्तो' विचारलं.

ताई, भाऊजी गेले त्यानंतर तू फोनवर म्हणाली होतीस, की त्यांच्याशी तू बोललेला पहिला शब्द 'उठा' हा होता आणि तो त्यांना कधी कळलाच नाही. तेवढं एक तुझ्या मनाला लागून राहिलंय. मला तो दिवस लख्ख आठवतो. नकाशे काढायच्या कचेरीतून आलेला तो लांबोळका मुलगा, चष्म्याची तुटलेली काडी हातात धरून. काडी बसवून झाली तरी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभा. सगळ्यांत खालची ओळसुद्धा न अडखळता वाचली. बाबा पुटपुटले, "याचे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत, हा घुटमळतोय कशाला?" तेव्हा तू भाऊजींकडे सरळ बघून म्हणालीस, "मुचो गुस्तो." त्यांनी विचारलं, "म्हणजे?" तू गडबडलीस आणि थाप मारलीस, "म्हणजे, पुन्हा या." आणि ते आले. धडधाकट चष्म्याच्या काड्या मुद्दाम मोडून आले.

तर सूनबाईने सांगितलेला अर्थ असा: तुम्हाला भेटून फार आनंद झाला.

मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग विहीणबाईंनाही विचारलं. त्याही तेच म्हणाल्या, आणि मी रडायला लागले तेव्हा त्यांनी काही न विचारता माझा हात हातात घेतला. तू त्यांना 'उठा' म्हटलंच नव्हतंस, ताई. जे म्हणायला हवं होतं तेच म्हटलं होतंस. तुझं तुलाच ठाऊक नव्हतं, एवढंच.

बाकी क्षेम. औषधं वेळेवर घे. शेजारणीला चढवून ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी

ता.क. खरं कारण लिहायचं राहिलं. विहीणबाई जायचं नावच घेत नाहीत. मी एकटी किती दिवस ग्वापा राहू? तू चार दिवस येऊन माझी सुटका कर.

आणखी एक ता.क. वरचा ता.क. खोटा आहे. विहीणबाई येत्या शुक्रवारी निघाल्या आहेत, बॅग भरून झाली. त्यांची सवय झाली होती मला. घरात पुन्हा आवाज राहणार नाही, तर तू शनिवारी ये. चार दिवसांचं मी उगाच लिहिलं, जास्त दिवसांचे कपडे आण.

शेवटचा ता.क. दारावरची घंटा बिघडली आहे, वाजवत बसू नकोस. खालूनच हाक मार. मी खिडकीतच असते.