उणे दोनने भागताना

२७ एप्रिल, रविवार

अवंती गणितात नापास. बाकी सगळ्या विषयांत पास.

काल शाळेत उत्तरपत्रिका दाखवली. वर नाव, रोल नंबर, तारीख — नीट, वळणदार. खाली काही नाही. पानं कोरी. मॅडम म्हणाल्या, "पूरा टाइम बैठी रही, भैया. पेन खोला ही नहीं. हमने भी कुछ नहीं कहा, हमें मालूम था."

फेब्रुवारीत सुखदा गेली त्याच आठवड्यातला पेपर होता तो. आई गेली, आता पोरीचं वर्षही वाया जाईल असं सगळे म्हणाले आणि मी तिला स्कूटरवर नेऊन सोडून आलो.

आता जूनमध्ये पुन्हा परीक्षा. तीही गेली तर आठवी परत.

अर्ध्या कांचघर मोहल्ल्याची पोरं आमच्या समोरच्या खोलीत सतरंजीवर बसून समीकरणं शिकून गेली. सुखदा फरशीवर खडूने लिहायची. बोर्ड आणून देतो म्हटलं तर म्हणायची, बोर्डापुढे एक शिकवतो आणि बाकीचे पाहतात, फरशीभोवती सगळे वाकतात. सतरंजी अजून तिथेच आहे, गुंडाळून, कोपऱ्यात उभी.

२९ एप्रिल

बेबीताईचा नागपूरहून फोन.

"आल्हाद, तू सकाळी घर सोडतो तो संध्याकाळी उशिरा येतो. आणि आला तरी बोलतो काय? लहानपणी आई म्हणायची, याच्या तोंडात लाडू ठेवलाय. पोरगी काय कूलरशी बोलेल? वयात आलेली आहे, घरात बाईमाणूस पाहिजे. नववीला माझ्याकडे पाठव."

मी म्हटलं, पाहू.

"पाहू नाही. जूनमध्ये पास झाली तर ठेव तुझ्याजवळ, मी समजेन तुझ्याच्यानं होते. नाही झाली तर मी स्वतः येऊन घेऊन जाते. आठवीच करायची तर इथे करेल. चालते?"

मी हो म्हटलं. ताई वाईट बोलली नाही.

तिचा आवाज असा की फोन कानाला लावला तरी घरभर ऐकू येतो. अवंती ओट्याशी चहा गाळत होती. कप आणून माझ्यापुढे ठेवला.

१ मे

आज सुट्टी. शेजारच्या कुंदावहिनींनी एका कोचिंगवाल्या सरांचं नाव सांगितलं. अवंतीला विचारलं.

"मी नाही जाणार."

"काहून?"

"तुम्ही शिकवा न."

मी? डिप्लोमा करून पंचवीस वर्षं होऊन गेली. तेही हिंदीतून. तोफांच्या फॅक्टरीत मी इन्स्पेक्शनला आहे, तयार तुकड्यांची मापं घेतो. x कशाला लागतो. तिला म्हटलं तसं. ती म्हणाली, "तर पुस्तक वाचा आधी. आई पण वाचायची."

आमच्या घरातलं दिवसभराचं बोलणं असं — जेवलीस? हो. कूलरमध्ये पाणी? भरलं. दार लावलं? लावलं.

आता यात x येणार.

४ मे, रविवार

सतरंजी उलगडली. तिच्यातून खडूचा एक तुकडा निघाला, बोटाच्या पेराएवढा. अवंतीने तो उचलून खिडकीत ठेवला आणि नवीन खडू काढला.

3x + 7 = 22. पाच, हे तिने लगेच सांगितलं. मी म्हटलं करून दाखव. सात तिकडे नेले, वजा केले, तीनने भागलं. मी म्हटलं, हां, पक्षांतर. ती म्हणाली, "आमच्याकडे ट्रान्सपोज म्हणतात, बाबा. पक्षांतर तर नेते लोक करतात."

मग मीच अडकलो. सात तिकडे जाताना वजा काहून होतो? नियम आहे, म्हटलं. ती म्हणाली, "नियम नाही. इकडून सात काढले तर तिकडूनही काढायचे. आई म्हणायची, जे इकडे तेच तिकडे."

सुखदाचं घरातही हेच होतं. दिवाळीत तिच्या आईला लुगडं घेतलं की माझ्या आईला त्याच किमतीचं. उलटही तसंच. एकदा मी माझ्या आईला नुसती शाल आणली तर दुसऱ्या दिवशी सुखदा सदर बाजारात जाऊन तिच्या आईला शाल घेऊन आली. मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

६ मे

समीकरणं हिला सगळी येतात. कंस उघडते, अपूर्णांक काढते. मी शेवटी नुसता पाहत बसतो. ताळा मात्र मी करायला लावतो — उत्तर परत घालून पाहा, दोन्ही बाजू जुळतात का. इन्स्पेक्शनची सवय. करणारा कितीही चांगला असो, मोजल्याशिवाय पास नाही.

१० मे

असमिका सुरू केल्या. बरोबरऐवजी लहान-मोठं चिन्ह. इथे ती अडली.

"एक उत्तर येत नाही तर लिहायचं काय, बाबा?"

हे मात्र मला येत होतं. म्हटलं, आमच्याकडे ड्रॉइंगवर भोकाचं माप पंचवीस लिहिलेलं असतं. पण नेमकं पंचवीस कधीच निघत नाही. म्हणून आमच्याजवळ गेज असतो, लोखंडी दांडी, दोन तोंडांची. एका तोंडाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. मग भोकाचं नेमकं माप मी विचारतच नाही. दोन्हीच्या मध्ये आहे ना? पास.

ती ऐकत होती. खरोखर ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे एवढे सगळे बरोबर?"

"हो."

"तुम्ही दिवसभर हेच करता?"

"हेच."

"आईला माहीत होतं?"

मी आठवून पाहिलं. गेजचं मी सुखदाला कधी सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलं नसेल, कारण मी आल्या आल्या पेपर घेऊन बसायचो.

१४ मे

−2x < 6. अवंतीने दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं आणि लिहिलं x < −3. चूक. उणेने भागलं की चिन्ह उलटतं, x > −3 पाहिजे.

"काहून उलटतं?"

गेजनेच सांगायला गेलो. भोकाच्या गेजचं लहान तोंड गो असतं. त्या भोकात बसणाऱ्या दांड्याचा गेज वेगळा, त्यात मोठं तोंड गो आणि लहान नो-गो. म्हणजे भोकाचा दांडा झाला की सगळं उलट... मग भोक म्हणजे अधिक की दांडा म्हणजे अधिक, यात मीच गोंधळलो. हातवारे करत राहिलो. एक हात दांडा, एक हात भोक.

ती हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

"बाबा, तुम्ही फॅक्टरीत पण असंच समजावता? तोफ उलटी उडेल."

१५ मे

दवाखान्याच्या रिपोर्टवरही असंच असायचं. आकडा, आणि त्याच्यापुढे कंसात दोन आकडे, खालचा आणि वरचा. मी रोज आधी कंस पाहायचो, मग आकडा. सुखदा माझ्या तोंडाकडे पाहायची. म्हणायची, "नो-गो?" नाही — हा शब्द तिला माहीत नव्हता. ती म्हणायची, "बाहेर आहे ना?"

मी म्हणायचो, थोडासा.

२१ मे

पुन्हा तीच चूक. बाकी सगळं बरोबर — कंस, बेरीज, भागाकार. कंस सुटून पुन्हा उणे दोन x सहापेक्षा लहान, इथवर आली; शेवटच्या ओळीत चिन्ह तसंच. मी ताळा करायला लावला. x उणे चार घे. उणे दोन गुणिले उणे चार, आठ. आठ सहापेक्षा लहान आहे? नाही. मग?

"मग चुकलं," म्हणाली. शांतपणे.

पुढचं गणित दिलं. पुन्हा तेच.

माझा आवाज चढला. म्हटलं, आत्याकडे जायचं आहे का तुला?

ती फरशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नाही. परत सांगा न, बाबा."

परत सांगितलं.

२४ मे

ओव्हरटाइम सोडला. फोरमन म्हणाले, "क्या आल्हाद जी, घर में कोई बीमार है?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. मी म्हटलं, मुलीची परीक्षा आहे.

आता उन्हं असतानाच घरी येतो. चहा होतो, सतरंजी पसरतो. गणिताच्या मध्ये मध्ये दुसरंच निघतं. आज तिने विचारलं, तुम्ही आईला पहिल्यांदा कुठे पाहिलं. सिहोऱ्याला तिच्या मामाकडे, म्हटलं. मी चिवडा खात होतो आणि मला ठसका लागला. पाणी हिच्या आईने आणलं. मग? मग काय, पाणी प्यायलो. "एवढंच?" एवढंच. तिला ते पुरलं नाही. मग मामाच्या अंगणातलं, सोबत आलेल्या बेबीताईचं, सुखदाच्या हिरव्या साडीचं, सगळं सांगावं लागलं. वरणाचा कुकर लावायला उशीर झाला.

३० मे

ताईचा फोन. तिकडच्या शाळेत बोलून ठेवलं आहे म्हणाली. "काय म्हणते तुझी विद्यार्थिनी?"

चिन्ह विसरते, म्हटलं.

"तुझीच पोरगी आहे. ठीक आहे, मी तिच्यासाठी खोली रिकामी करून राहिले."

मी घरभर फिरून आलो. तीन खोल्या. एक माणूस गेलं तरी घर मोठं होतं हे कळलं आहे. दोन गेल्यावर काय होतं ते पाहायचं नाही मला.

६ जून

तीच चूक. मी कागदावर चिन्ह उलटं-सुलटं काढून तिच्या टेबलासमोर चिकटवलं. ती म्हणाली, चांगलं दिसतं.

११ जून

उद्या पेपर. शेवटचं म्हणून पुन्हा तेच दिलं, −2x < 6. तिने खडू धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं x < −3.

फरशी पुसली. दोघांनी आंबे खाल्ले. जे होईल ते होईल.

ती म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ."

१२ जून

सोडून आलो. आज फाटकाबाहेर थांबलो, घरी आलो नाही. सुटल्यावर विचारलं, काही लिहिलं? म्हणाली, "लिहिलं." बस्स.

१४ जून

सवयीने लवकर घरी आलो. चहा झाला. सतरंजी पसरायचं कारण नव्हतं. मी पेपर उघडला. ती मोबाइल घेऊन आत गेली.

जेवलीस? हो. कूलरमध्ये पाणी? भरलं.

१७ जून

पास. नुसती पास नाही — पैकीच्या पैकी. मॅडमनी पेपर दाखवला. असमिकांचा पूर्ण प्रश्न बरोबर. जिथे जिथे उणेने भागलं, तिथे तिथे चिन्ह उलटवलेलं. एकही सुटलं नाही.

ताईला मीच फोन केला. विचारायच्या आधीच सांगितलं, मी शिकवलं. ताई म्हणाली, "तू बोललास तरी किती आज. ठेव बाबा तुझी पोरगी तुझ्याजवळ." खोली तिने खरंच रिकामी केली होती.

पेढे आणले. एक सुखदाच्या फोटोपुढे ठेवला. मला वाटलं, जमलं आपल्याला.

१८ जून

कुंदावहिनींची वैभवी पेढे घ्यायला आली. यंदा आठवीत गेली. म्हटलं, ते उणे चिन्हाचं कठीण असतं, अडलं तर माझ्याकडे ये.

"मला येतं, काका. अवंतीदीदीने थंडीतच सांगितलं. काकू दवाखान्यात होत्या न, तेव्हा दीदीच आमची ट्यूशन घ्यायची. ग्वारीघाटच्या पायऱ्या, पाण्यापासून मोजायच्या! पाण्याच्या वर दुसरीपेक्षा पाचवी उंच. पाण्याच्या आत पाचवी खाली, दुसरी उंच. उणे म्हणजे पाण्यात गेलो, की उलटं. काकूंचंच आहे ते."

ती पेढा खाऊन गेली. मी दारातच उभा राहिलो.

लॉटमधला प्रत्येक तुकडा एकाच जागी, एकाच मापाने चुकत असेल तर तो चुकत नसतो. मशीन कोणीतरी तसं लावलेलं असतं. हे मी नव्या पोरांना शिकवतो.

संध्याकाळी सतरंजी पसरली. अवंतीला हाक मारली. म्हटलं, ते चिन्ह काहून उलटतं, मला अजून नीट समजलं नाही. तू सांग.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन खडू घेऊन आली.